बेटावरच्या बारा सूचना

मराठीत प्रवासवर्णनांची उणीव नाही. ग्रीसपुरते बोलायचे झाले तर मीना प्रभू यांचे ‘ग्रीकांजली’ अनेकांच्या कपाटात असते, आमच्याही आहे. परंतु या वाङ्मयप्रकाराकडे अध्यापकाच्या नजरेने पाहू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. येथे बोलतो तो नेहमी पाहुणा. पाहतो तो, थकतो तो, भारावतो तो. ज्याच्या दारात तो उतरतो त्या यजमानाच्या वाट्याला फारच थोडी वाक्ये येतात, आणि तीही बहुधा पाहुण्याच्या कौतुकाची किंवा गमतीची. यजमानाने पाहुण्याला उद्देशून लिहिलेला मजकूर असाही एक प्रकार असतो आणि तो काळजीपूर्वक वाचावा लागतो, हे आम्हांला एका बारा कलमी पत्राने शिकवले. ते शिकताना आम्ही जे गमावले त्याचा हिशेबही येथे द्यावा लागणार आहे.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. साहित्यविचाराच्या अभ्यासपत्रिकेच्या निमित्ताने गेली अठरा-वीस वर्षे अ‍ॅरिस्टॉटल आमच्या घरात वस्तीला आहे. विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेल्या त्याच्या काव्यशास्त्राची आमची प्रत आता पानापानाने सुटी झाली आहे. “ज्याला इतकी वर्षं शिकवता त्याचा देश एकदा पाहून तरी या,” असे आई अधूनमधून म्हणत असे. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची जन्मदात्री आणि दुसरीची सासू. मे २०२४ मध्ये ती गेली. त्या दिवशी आम्ही उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर होतो. वाईला पोहोचलो तेव्हा घाटावरचे सारे आटोपले होते. वर्षाच्या आत परदेशी जाणे थोरल्या भावाला, दादाला, फारसे रुचले नव्हते. “वर्षश्राद्धाला मात्र हजर राहा,” एवढेच तो म्हणाला. तिथीप्रमाणे ते ४ मे २०२५ रोजी येत होते. आम्ही ३ मे रोजी घरी असू अशा बेताने तिकिटे काढली.

अथेन्सनंतरचा मुक्काम आम्ही नाक्सोस या बेटावर ठरवला. एजियन समुद्रातील किक्लादेस द्वीपसमूहातले हे सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आणि वस्ती वीस हजारांच्या आसपास. पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने तेथे जायला पाच-साडेपाच तास लागतात. थीसियसने झोपलेल्या आरिआद्नीला सोडून दिले ते याच बेटावर, अशी कथा आहे. काझान्टझाकिस लहानपणी येथल्या फ्रेंच शाळेत शिकला, हेही एक निमित्त होते. तेराव्या शतकात व्हेनिसच्या सरदारांनी उभारलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी, एका अरुंद गल्लीत, दोन खोल्या भाड्याने देणार्‍या एका निवृत्त शिक्षिकेशी आमचा पत्रव्यवहार झाला. ग्रीसमध्ये माध्यमिक शाळेत भाषा आणि साहित्य शिकवणार्‍याला ‘फिलोलोगोस’ म्हणतात. बाई तशा होत्या. आम्ही त्यांना तिकडच्या रीतीने ‘किरीया’ म्हणत असू. आपल्याकडच्या ‘बाई’सारखेच ते संबोधन. आम्ही काय शिकवतो हे कळल्यावर त्यांनी मार्च महिन्यात इंग्रजीत एक लांबलचक पत्र पाठवले. त्यात बारा सूचना होत्या.

पहिली सूचना ऋतूची होती. जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका. त्या दिवसांत उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा सुटतो, आकाश निरभ्र असूनही समुद्र खवळतो आणि बंदराचा अधिकारी बोटींना निघण्याची मनाई करतो. एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत किंवा सप्टेंबरच्या मध्यानंतर यावे. दुसरी सूचना उन्हाची. भारतातून येणार्‍याला आपण ऊन पाहिलेले आहे असे वाटते; पण डोंगरातल्या पायवाटेवर झाड नसते आणि वार्‍यामुळे अंग भाजल्याचे कळत नाही. जून २०२४ मध्ये निरनिराळ्या बेटांवर भर दुपारी एकट्याने पायी निघालेले काही परदेशी प्रवासी मृत्युमुखी पडले, हे त्यांनी कोणतेही विशेषण न वापरता लिहिले होते. चालायचे तर सकाळी दहाच्या आत, कोठे जातो हे कोणाला तरी सांगून, आणि अडचण आली तर ११२ हा क्रमांक लावावा.

अथेन्सविषयी त्यांनी एकच परिच्छेद खर्चिला होता. आक्रोपोलिसवर सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला वीस हजारांहून अधिक माणसे सोडत नाहीत, म्हणून वेळ ठरवून आधीच तिकीट घ्यावे. एप्रिल २०२५ पासून ते तीस युरोंचे झाले आहे. सकाळी दार उघडताच आत जावे. उष्णतेची लाट आली तर दुपारी दरवाजे बंद होतात. “नंतर मात्र खाली उतरून कुठल्याही पावाच्या दुकानासमोर अर्धा तास उभे राहा. आम्ही मेलेलो नाही, हे तेथे कळेल.” पत्रात विनोद असा अधूनमधून येई, आणि त्याच्या तळाशी थोडी तक्रार असे.

चौथी सूचना शाकाहार्‍यांसाठी होती. ती आम्ही आमच्या नातेवाइकांना आजही वाचून दाखवतो. खानावळीत ‘मी मांस खात नाही’ असे सांगत बसू नका, ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचे काय आहे ते विचारा. ऑर्थोडॉक्स पंथाच्या उपासाला मांस, मासे, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे घेवडा, चवळी, वांगी, भोपळी मिरची असे ऑलिव्हच्या तेलात शिजवलेले पुष्कळ काही मिळते. ‘होर्ता’ मागितले तर डोंगरावरच्या रानभाज्या उकडून लिंबू पिळून देतात. “परंतु सावध राहा. ज्याच्या अंगात रक्त नाही असे समुद्रातले प्राणी आमच्या उपासाला चालतात. ताटात अष्टपाद आला तर रागावू नका.” साबुदाणा चालतो पण पोहे चालत नाहीत, हे ज्या घरात कोणी प्रश्न न विचारता पाळतात, तेथून आलेल्या आम्हांला यात रागावण्यासारखे काही नव्हते. याच परिच्छेदात त्यांनी एक कायदाही सांगितला होता. बिलाची पावती हाती पडली नाही तर गिर्‍हाईक पैसे देण्यास बांधील नाही, असे प्रत्येक खानावळीच्या पदार्थपत्रिकेवर छापलेले असते. पावती मागण्यात संकोच करू नये.

पाचवी सूचना भाषेची होती आणि ती वाचूनही आम्ही चुकलो. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे होय. ‘ओही’ म्हणजे नाही. मराठी कानाला याहून मोठी अडचण कोणती? ‘ने’ ऐकले की आम्ही निराश होऊन वळायचो आणि दुकानदार हाक मारून थांबवायचा. त्याहून बिकट प्रकार मानेचा. ग्रीक माणूस तोंडाने काही न बोलता हनुवटी वर उचलतो, भुवया ताणतो. त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे तीच हालचाल ‘काय?’ असे विचारण्याची. टपाल कचेरीतल्या गृहस्थांनी हनुवटी उचलली की आम्ही प्रश्न पुन्हा विचारायचो. ते पुन्हा उचलायचे. हे चार वेळा झाल्यावर त्यांनी जिभेने ‘च्च्’ असा आवाज केला आणि मग आम्हांला उलगडा झाला, कारण तो नकार आमच्याही लहानपणाचा होता.

सहावी सूचना हाताविषयी होती. पाची बोटे पसरून तळवा कोणाच्याही तोंडासमोर धरायचा नाही; ती तिकडची शिवी आहे, तिला ‘मूत्झा’ म्हणतात. बाजारात एका म्हातार्‍या फळवाल्याने आग्रहाने आणखी एक पिशवी पुढे केली, तेव्हा ‘पुरे, पुरे’ म्हणताना आमचा हात आपसूक वर गेला. आपल्याकडे ज्या मुद्रेने देव अभय देतात ती मुद्रा पाहून त्यांचा चेहरा उतरला. शेजारच्या बाईंनी आमची बाजू घेतली, मग ते हसले. पण हसण्याआधीचे ते दोन क्षण आमच्या लक्षात राहिले. सूचना वाचलेली असणे आणि ती अंगात मुरलेली असणे यांत किती अंतर असते, याचा हा पहिला धडा होता. आम्ही तो तेवढ्यापुरताच घेतला.

दुपारच्या शांततेची सूचना वाचून मात्र आमच्यातला पुणेकर सुखावला. उन्हाळ्याच्या सहामाहीत तीन ते साडेपाच ही वेळ कायद्यानेच शांततेची ठरवलेली आहे. त्या वेळी दार वाजवू नये, गल्लीत मोठ्याने बोलू नये. आठवी सूचना न्हाणीघराची होती. सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असल्याने कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकावा. नववी पाण्याची. २०२४ च्या उन्हाळ्यात नाक्सोसच्या तलावांनी तळ गाठला, शेतकर्‍यांच्या विहिरींत समुद्राचे पाणी शिरले आणि ज्या बटाट्यासाठी हे बेट सार्‍या ग्रीसमध्ये प्रसिद्ध आहे त्या बटाट्याच्या शेतीला पाणी पुरेना. “नळ उघडा ठेवून दात घासणारा पाहुणा मला भिंतीपलीकडून ऐकू येतो,” असे बाईंनी लिहिले होते. पुढे एका संध्याकाळी उरलेला पाव आम्ही केराच्या डब्यात टाकू लागलो, तेव्हा त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, “अमार्तिया!” आम्ही एकमेकांकडे पाहिले. शोकात्म नायकाचा ‘प्रमाद’ म्हणून जो शब्द आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो, तो येथे पाव टाकण्याच्या पापासाठी होता. आई असती तर तीही हेच म्हणाली असती, फक्त शब्द ‘पाप’ असता.

दहावी सूचना किनार्‍याविषयी होती आणि तिच्यात राग उघड होता. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावरचे रहिवासी हातात पंचे घेऊन किनार्‍यावर उतरले, कारण भाड्याच्या खाटा आणि छत्र्या यांनी वाळू व्यापली होती आणि गावकर्‍यांनाच पंचा अंथरायला जागा उरली नव्हती. ही चळवळ नाक्सोसलाही पोहोचली. त्यानंतर २०२४ मध्ये कायदा झाला. सामान्यतः किनार्‍याचा निम्मा भाग मोकळा राहिला पाहिजे आणि खाटा पाण्यापासून चार मीटर दूर असल्या पाहिजेत. एक कोटी चार लाखांच्या देशात २०२३ साली तीन कोटींहून अधिक पाहुणे आले. बाईंचे म्हणणे एवढेच होते, की पंचा सोबत आणा आणि मोकळ्या वाळूवर बसा. ग्रीक भाषेत ‘क्सेनोस’ या एकाच शब्दाचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही, हे त्यांनी येथेच लिहिले होते. आपल्याकडे खेड्यात अनोळखी माणसाला ‘ओ पाव्हणं’ म्हणून हाक मारतात, हे आम्ही त्यांना उलट कळवले. त्यांचे उत्तर आले, “म्हणजे तुम्हांलाही ठाऊक आहे, की त्याला काय म्हणायचे ते तो कसा वागतो यावर ठरते.”

अकरावी सूचना आमच्यासाठी खास लिहिलेली दिसत होती. प्राचीन ग्रीक शब्द ओळखीचे वाटले तर थांबा, ते आता दुसरे काम करत आहेत. आणि खरोखरच तसे होते. सामान वाहून नेणार्‍या गाड्यांवर ‘मेताफोरेस’ असे लिहिलेले असते. रूपकाची मीमांसा करणार्‍या आम्हांला त्या गाड्यांमागे धावावेसे वाटले. बाहेर जाण्याच्या दारावर ‘एक्सोदोस’ अशी पाटी असते. कपडे धुऊन देणार्‍या दुकानाला ‘काथारिस्तिरियो’ म्हणतात. ज्या ‘कॅथार्सिस’साठी विरेचन की शुद्धीकरण असा वाद आम्ही विद्यार्थ्यांपुढे तासन्‌तास घालतो, त्याचे कुटुंब येथे इस्त्री करत बसले होते.

त्याच कुळातला आणखी एक शब्द बाईंच्या आयुष्यात वेगळ्या रूपाने आला होता. त्या शाळेत होत्या तेव्हा ग्रीसवर लष्करशहांची सत्ता होती, १९६७ ते १९७४. शाळेत शिकावी लागे ती ‘काथारेव्हुसा’, म्हणजे शुद्ध केलेली भाषा. घरी बोलत ती लोकांची भाषा. घरची भाषा निबंधात उतरली की लाल रेघ येई. त्या नोकरीला लागल्या आणि लगेच, १९७६ मध्ये, लोकभाषा शिक्षणाची आणि राज्यकारभाराची भाषा झाली. १९८२ मध्ये अक्षरांवरची जुनी स्वरचिन्हेही गेली, एकच आघातचिन्ह उरले. पहिली काही वर्षे फळ्यावर लिहिताना आपला हात नको तेथे चिन्ह देई, असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना आमच्या आजोबांच्या पिढीतले गुरुजी सांगितले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारल्यानंतरही ते अनुच्चारित अनुस्वार सोडायला तयार नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी व्याकरणावर फार वेळ गप्पा मारल्या. निरोप घेताना त्या म्हणाल्या, “काली निख्ता, पेद्या.” शुभ रात्री, मुलांनो. ग्रीसमध्ये मोठ्या माणसांनाही असे सहज म्हणतात. आमची वये चाळिशीपुढची. आई गेल्यापासून आम्हांला ‘मुलांनो’ म्हणणारे कोणी उरले नव्हते, हे आम्हांला त्या वेळी कळले.

आता बारावी सूचना. “परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका. बोट आणि विमान यांच्यामध्ये एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवा. आणि १ मे हा दिवस धरूच नका. त्या दिवशी खलाशी संप करतात.” आमची बोट १ मे रोजी होती आणि विमान २ मेच्या पहाटे. पत्र मार्चमध्ये आले होते. बोटीचे तिकीट सहज बदलता आले असते. आम्ही ते पत्र मोठ्याने वाचले, त्यातल्या भाषेचे कौतुक केले, दोन वाक्ये टिपून ठेवली. तिकीट बदलले नाही.

एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात संप जाहीर झाला. त्याचा अर्थ आम्ही आमच्या अनुभवाने लावला. आदल्या रात्री वाटाघाटी होतील, संप मागे घेतला जाईल, आपल्याकडे होते तसेच. ३० एप्रिलच्या सकाळी बाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी आम्हांला बेटाच्या उत्तर टोकाला, आपोलोनास गावी जायचे होते. तेथे एका प्राचीन खाणीत संगमरवराचा अर्धवट घडवलेला पुतळा आडवा पडलेला आहे. लांबी साडेदहा मीटरांच्या आसपास. दाढीचा आकार ओळखू येतो, चेहरा नाही. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या सुमारास त्याचे काम सोडून दिले गेले असावे. दगडाला तडे गेले म्हणून, असे सांगतात. बाई म्हणाल्या, “आजची दुपारची बोट गाठा, पेद्या. तो अडीच हजार वर्षं तिथेच पडून आहे, पुढेही राहील. बोट राहणार नाही.”

आम्ही पुतळा पाहायला गेलो. वळणावळणाच्या रस्त्याने बसने जाऊन त्या दगडी देहाच्या छातीशी उभे राहिलो, छायाचित्रे काढली, अपूर्णतेविषयी काही बोललोही. काय बोललो ते आता आठवत नाही.

१ मेच्या सकाळी बंदरावर एकही बोट हलली नाही. गल्लीतल्या दारादारांवर रानफुलांची वर्तुळाकार तोरणे लागली होती. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तसे लावण्याची तिकडे प्रथा आहे, आणि ती सुकलेली तोरणे जूनमध्ये, संत योहानाच्या सणाला जाळतात. महाराष्ट्र दिन म्हणून वर्षानुवर्षे आम्ही त्या सकाळी महाविद्यालयाच्या पटांगणात ध्वजाला वंदन करत आलो आहोत. या वेळी रिकाम्या धक्क्यावर दोन पेट्यांशी उभे होतो. २ तारखेची बोट मिळाली असती, पण विमान तोवर गेलेले. परवडेल अशी पुढची जागा ७ मेची होती. बाईंना सांगितले तेव्हा त्या ‘मी सांगितले होते’ असे म्हणाल्या नाहीत. मान हलवून म्हणाल्या, “पेरिपेतिया.” अ‍ॅरिस्टॉटलचे स्थित्यंतर, नशिबाचे उलटे फिरणे, आजच्या ग्रीकमध्ये मात्र फजितीचा प्रसंग, साहस. एरवी आम्ही हा शब्द हर्षाने टिपून घेतला असता.

वाईला फोन केला. दादाने सारे ऐकून घेतले. “बरं,” म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, “बरं, मी करतो.” त्याने फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही. एक वर्षापूर्वी कामामुळे पोहोचलो नव्हतो. या वेळी काम नव्हते, आजारपण नव्हते, वादळही नव्हते. बारा ओळींपैकी एक ओळ आम्ही ‘मजकूर’ म्हणून वाचली होती, आपल्याला सांगितलेली गोष्ट म्हणून नव्हे. प्रमाद म्हणजे दुष्टपणा नव्हे, निर्णयातली चूक, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. त्या व्याख्येने त्या रात्री काही हलके वाटले नाही.

बाईंनी कारण विचारले नव्हते. ‘ओडिसी’तले यजमान पाहुण्याला आधी जेवू घालतात आणि मग नाव विचारतात, हे आपण वर्गात सांगतो, ही चाल त्या बेटावर अजून होती. ३ तारखेला जेवण झाल्यावर त्यांनी विचारले, “घरी कोण वाट पाहत होतं?” आम्ही सांगितले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, वर्ष उद्याच पुरे होते का, आणि आईचे नाव काय.

ऑर्थोडॉक्स लोकांत मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी आणि वर्ष पुरे झाल्यावर ‘मनिमोसिनो’ नावाचा स्मरणविधी करतात. त्यासाठी ‘कोलिवा’ शिजवतात. कोलिवा म्हणजे उकडलेले गहू. त्यांत साखर, बदाम, मनुका, डाळिंबाचे दाणे घालून वर पिठीसाखरेचा थर देतात आणि त्यावर गेलेल्याच्या नावाचे आद्याक्षर काढतात. ४ मे रोजी रविवार होता. बाई प्रार्थनेहून परतल्या त्या स्वयंपाकघरातून एक खोलगट थाळी घेऊन आल्या. गहू त्यांनी रात्रीच शिजवून कापडावर सुकत घातले होते. “हे मी चर्चमध्ये नेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची आई आमच्या पंथाची नव्हती, तिला न विचारता न्यायचं नाही. हे घरचं आहे.” थाळीवर बदामांनी एक ग्रीक अक्षर काढले होते. आईच्या नावात एक ‘ळ’ आहे. तो आपल्या लिपीत कसा लिहावा हे कळेना म्हणून पहिले अक्षरच काढले, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे कोल्हापुरा-सातार्‍याकडे गव्हाची खीर करतात, आईही करायची. कोलिवा कोरडे असते, त्यात दूध-गूळ नसतो. तरी पहिल्या घासाला दातांखाली आलेला गहू तोच होता. वाईला त्याच सुमारास पिंडदान चालले असेल, हे आम्ही घड्याळात अडीच तास मिळवून पाहिले. बाईंनी तीन वाट्या भरल्या, एक शेजारणीकडे पाठवली. आमच्या डोळ्यांत पाणी आले ते त्यांनी पाहिले नसावे, किंवा पाहूनही त्या उठून नळाशी गेल्या आणि तो नीट बंद करून आल्या.

दादाला आम्ही नंतर हे सांगितले. तो म्हणाला, “त्यांनी केलं. तुम्ही यायला हवं होतं.” दोन्ही विधाने खरी आहेत, आणि पहिल्याने दुसरे पुसले जात नाही. म्हणूनच आम्ही या प्रसंगाला ‘विरेचन’ म्हणण्याचे टाळतो.

५ तारखेच्या बोटीने आम्ही निघालो आणि अथेन्समध्ये ६ तारीख पूर्ण मोकळी ठेवली. त्या दिवशी काहीच पाहिले नाही. पावाच्या दुकानासमोर बसलो.

यंदा बाईंचे पत्र आले आहे. त्यांना भारतात यायचे आहे. मूळचा अथेन्सचा आणि १७८६ मध्ये कलकत्त्याला ग्रीक व्यापार्‍यांच्या मुलांना शिकवायला आलेला दिमित्रिओस गालानोस पुढे काशीला राहिला, संस्कृत शिकला, त्याने संस्कृत ग्रंथांचे ग्रीकमध्ये अनुवाद केले आणि १८३३ मध्ये तेथेच देह ठेवला. त्याची कबर त्यांना पाहायची आहे. मग पुण्याकडे येऊन कार्ल्याची लेणी. धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख तेथल्या खांबांवर आहेत. ते यवन खरोखर ग्रीकच होते की काय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हे आम्ही त्यांना कळवले. नाक्सोस हे प्राचीन काळी आयोनियन बेट होते आणि ‘यवन’ हा शब्द त्याच नावावरून आला, तेव्हा निदान एक खरी यवन बाई आता येते आहे, असे त्यांचे उत्तर. शेवटी लिहिले आहे, “तुमच्या सूचना पाठवा. मी त्या पाळते.”

गेले दोन आठवडे आम्ही त्या लिहीत आहोत. मे महिन्यात येऊ नका. लेण्यांच्या पायर्‍या सकाळी चढा. प्यायचे पाणी कोठले, हे आधी विचारा. कोणाच्या घरी गेलात आणि ताटात पुन्हा वाढू लागले तर हात आडवा धरा. येथे तळवा दाखवला तरी कोणी रागावणार नाही. वाईला आमच्या घरी या, दादाने तुम्हांला बोलावले आहे. अकरा झाल्या आहेत. बारावी त्यांचीच, शब्दही न बदलता, खाली उतरवून द्यावी असे आमचे ठरते आहे.